बारामती ते नीरा : डाव्या कालव्याच्या काठाने धावताना

नीरा नदीच्या डाव्या कालव्यावर लांब पल्ल्याचे धावायचे असेल तर आधी दिशा ठरवा. हिवाळ्यात सकाळी बारामतीहून निघून नीरा गावाकडे, म्हणजे पाण्याच्या उलट अंगाने जाणे सोयीचे. नकाशा पाहून बहुतेकांना उलटे वाटते, कारण पाणी वीर धरणाकडून बारामतीकडे येते आणि 'उताराने धावू' हा विचार मनात येतो. हा उतार पायाला कळत नाही. कालवा समपातळी धरून खोदलेला आहे. कळतात ते ऊन आणि वारा. पूर्वेकडे तोंड करून धावलात तर सात वाजल्यापासून सूर्य थेट डोळ्यांत येतो आणि हिवाळी वाराही बहुतेकदा समोरून लागतो. पश्चिमेकडे निघालात तर दोन्ही पाठीशी राहतात.

रस्त्याने बारामती ते नीरा सुमारे चाळीस किलोमीटर आहे. कालव्याने अंतर बरेच वाढते, कारण प्रत्येक ओढ्याच्या खोऱ्याला तो वळसा घालतो. रस्त्याचे आकडे धरून पाणी आणि वेळेचा हिशेब केला की तो हमखास चुकतो. आदल्या दिवशी उपग्रह नकाशावर कालव्याची निळी रेघ धरून मार्ग आखा, त्याची फाइल जीपीएस घड्याळात घाला आणि प्रत्येक पुलावर खूण करून ठेवा. बाहेर पडायची वाट पुलांवरच असते, त्यामुळे मैलाच्या दगडांपेक्षा पूल महत्त्वाचे. एका दमात सगळे करायचा हट्ट नको. बारामती ते पणदरे, पणदरे ते वडगाव निंबाळकर आणि तिथून सोमेश्वरनगरमार्गे नीरा असे तीन तुकडे पाडले तर प्रत्येक टोकाला बारामती-नीरा रस्त्यावरची एसटी मिळते.

हा कालवा १८७६-७८ च्या दुष्काळानंतरच्या काळातला. त्याला पाणी पुरवणारे भाटघरचे सध्याचे धरण १९२८ साली पूर्ण झाले, वीर धरण त्यानंतरचे. धावणाऱ्याच्या दृष्टीने या वयाचा फायदा असा की काठाचा भराव जुना आणि दबलेला आहे, आणि अनेक ठिकाणी मोठ्या झाडांची सावली मिळते.

काठ कोणता धरायचा? डावा कालवा नदीच्या उत्तरेला आहे आणि भिजणारी शेती कालवा व नदी यांच्यामध्ये. म्हणून दक्षिणेकडचा काठ भरावाचा, आणि गाडी जाईल असा सेवापथ साधारणपणे त्याच काठावर असतो. उत्तरेकडची बाजू डोंगरउताराच्या अंगाची. तिथे पायवाट मध्येच झुडपात संपते आणि पलीकडे जायला पुढच्या पुलापर्यंत चालावे लागते. मात्र दक्षिण काठावरच चाऱ्यांची, म्हणजे शेतांकडे पाणी नेणाऱ्या छोट्या पाटांची, दारे आहेत. दाराजवळ दगडी कठडा, लोखंडी चाक आणि खाली पाण्याचा जोर असतो. तिथे धावू नका, चालत पार व्हा.

खरी अडचण ओढ्यांवर येते. कालवा जिथे जलसेतूवरून ओढा ओलांडतो तिथे सेवापथ बऱ्याचदा तुटतो. समोर जलसेतूची अरुंद भिंत दिसते, पलीकडे वाट दिसते, आणि 'पन्नास पावलेच तर आहेत' असे वाटते. ती भिंत शेवाळलेली असते. एका बाजूला वाहता कालवा, दुसऱ्या बाजूला खोल ओढा. तिच्यावर पाय ठेवू नका. खाली ओढ्यात उतरून पलीकडे चढणारी बैलगाडीची वाट जवळपास असतेच, ती शोधा. अशा प्रत्येक ठिकाणी पाच-दहा मिनिटे जातात, ती वेळापत्रकात धरा.

जमीन एकसारखी नाही. मुरूम टाकलेला भाग धावायला उत्तम. गावाजवळ डांबर किंवा काँक्रीट येते. जिथे मुरूम वाहून गेला आहे तिथे काळी माती उघडी पडते. ती कोरडी असताना ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांचे कंगोरे विटेसारखे कडक होतात आणि घोटा मुरगळतो. ओली झाली की बुटाला चिकटून दर पावलाला वजन वाढते, आणि ती झटकून निघत नाही. आवर्तन, म्हणजे शेतीसाठी कालव्यात पाणी सोडण्याची पाळी, सुरू असताना भरावातून पाणी झिरपते, म्हणून पाऊस नसतानाही वाटेत चिखलाचे पट्टे लागतात. आवर्तनाच्या तारखा कालवा सल्लागार समितीच्या बैठकीनंतर स्थानिक वर्तमानपत्रांत येतात. नाहीतर चहाच्या टपरीवर विचारा, शेतकऱ्याला त्या तोंडपाठ असतात. कालवा भरलेला असताना हवा गार असते, पण वाट कोरडी हवी असेल तर पाणी बंद झाल्यावर आठवडाभराने जा.

नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हा योग्य काळ. मार्चपासून नऊनंतर उघड्या काठावर उभे राहवत नाही. पावसाळ्यात भरावावर जाऊच नका. मे २०२५ मधल्या मोठ्या पावसात बारामतीच्या पूर्वेला पिंपळी-लिमटेक भागात हाच कालवा फुटला होता.

शहरातून निघताना पहिला टप्पा सकाळी फिरायला येणाऱ्यांचा. माळेगावच्या पुढे दोन्ही बाजूंना ऊस सुरू होतो आणि मग बराच वेळ तेच दृश्य. सपाट वाटेवर एक गोष्ट कमी लेखली जाते : चढ नाही, उतार नाही, म्हणून पाऊल प्रत्येक वेळी त्याच कोनात, त्याच स्नायूंवर पडते. वीस किलोमीटरनंतर पोटऱ्या आणि मांडीचा मागचा भाग आखडतो तो यामुळे. दर दहा मिनिटांनी एक मिनिट चाला, दमला नसलात तरी. दुसरे असे की पाणी निथळावे म्हणून काठाची वाट शेताकडे कललेली असते. पश्चिमेकडे जाताना डावा पाय सतत खाली पडतो आणि गुडघ्याची बाहेरची बाजू दुखू लागते. अधूनमधून चाकोरी बदला, नाहीतर मधल्या उंचवट्यावरून धावा.

बूट मध्यम खाचांचे, तळ जाड. वेडी बाभळीचा काटा फोमचा तळ सहज भेदतो आणि आत मोडून राहतो. थांबल्यावर टोचत नाही, पाऊल दाबले की टोचतो. म्हणून छोटा चिमटा खिशात असू द्या. सराटे आणि कुसळे मोज्यात शिरतात, त्यासाठी घोट्यावर कापडी आवरण घातलेले बरे. पाण्याच्या उपशाचे पाइप वाटेवर आडवे पडलेले असतात, काही अर्धे मातीत गाडलेले. मोटारींच्या वायरी गवतातून जातात. ओल्या गवतातली वायर ओलांडायचीही नाही, वळसा घ्यायचा.

कालव्यात पाय धुवायलाही उतरू नका. काँक्रीटचे अस्तर केलेल्या भागात उतरती बाजू शेवाळाने इतकी गुळगुळीत असते की पट्टीचा पोहणाराही बाहेर येऊ शकत नाही. मातीच्या भागात कड ढासळते. या अस्तरीकरणावर परिसरात मोठा वाद आहे, कारण पाझर थांबला तर विहिरींचे काय हा शेतकऱ्यांचा प्रश्न आहे. काम सुरू असलेल्या पट्ट्यात यंत्रे असतात आणि वाट बंद असते, तिथून गावरस्त्याने जा. हेच पाणी गाळून वगैरे पिण्याचा प्रयोगही नको, त्यात खते आणि गावांचे सांडपाणी उतरते. थंडीत एक लिटर आणि फेब्रुवारीत दीड लिटर पाणी सोबत ठेवा, ओआरएसची दोन पाकिटे घ्या आणि पुलाजवळच्या टपऱ्यांवर भरून घ्या. कोऱ्हाळे, वडगाव, करंजेपूल, निंबूत इथे रस्त्यावर आलात की चहा, केळी, बिस्किटे मिळतात. पहाटे सहाच्या आधी मात्र सगळे बंद.

गाळप हंगामात ऊसवाहतूक ही सगळ्यात मोठी जोखीम. सोमेश्वर आणि माळेगाव कारखान्यांकडे जाणारे दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर सेवापथावरही येतात. वळणावर मागची ट्रॉली पुढच्या चाकांच्या रेषेत जात नाही, आत कापते, आणि उसाचे शेंडे बाजूला हात-दीड हात बाहेर आलेले असतात. ट्रॅक्टर आला की शेताच्या बाजूला उतरून थांबा, पाण्याच्या बाजूला कधीही नको. डांबरी रस्त्यावर समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून धावा आणि चकाकणारे जाकीट घाला. ट्रॅक्टरवरची गाणी इतक्या मोठ्याने लागलेली असतात की चालकाला तुमची हाक ऐकू येणार नाही. तुमच्याही कानात काही नको. तोडणी झालेल्या शेतात पाचट पेटवतात आणि थंड सकाळी तो धूर कालव्यालगत साचून राहतो, तेव्हा वेग कमी करून पार व्हा.

उजाडायच्या आत उसाच्या मधून एकट्याने जाऊ नका. बिबट्या हे एक कारण, पण रोजचा त्रास वस्तीवरच्या कुत्र्यांचा. धावणारा दिसला की ती मागे लागतात. थांबा, चाला, पाठ फिरवू नका. हातात काठी असली की पुष्कळ वेळा तेवढेच पुरते. चावलेच तर पंधरा मिनिटे साबणाने जखम धुऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठा. बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. घोणस थंडीत ऊन खायला वाटेवर पसरते, म्हणून आठ-नऊच्या सुमारास नजर चार पावले पुढे ठेवा.

काठ जलसंपदा विभागाचा आहे. दोघे-चौघे धावले तर कोणी अडवत नाही, पण मोठा गट किंवा स्पर्धा असेल तर लेखी परवानगी घ्या. आषाढी वारीच्या दिवसांत नीरा गावात ज्ञानेश्वर महाराजांची आणि बारामतीत तुकाराम महाराजांची पालखी येते. त्या काळात राहायला जागा आणि बसमध्ये पाय ठेवायलाही जागा मिळत नाही.

परतीसाठी नीरेहून बारामतीची एसटी सोयीची. पुण्याला जायचे असेल तर नीरा हे पुणे-मिरज मार्गावरचे स्थानक आहे, मात्र गाड्या मोजक्या. वेळ पाहूनच निघा, आणि सुटायच्या अर्धा तास आधी पोहोचेल असा वेग धरा. कोरडे कपडे आणि चप्पल पाठीवरच्या पिशवीत असू द्या.