डोळ्यावर राहिलेली कात

नागपूरच्या या कोरड्या उन्हात आजचा विषय ठरलेलाच: बॉल पायथनने (घरी पाळला जाणारा छोटा अजगर) कात टाकली, पण एक डोळा अजून धुरकट. सापाला पापण्या नसतात; डोळ्यावरचं पारदर्शक खवलं कात टाकताना तिच्यासोबतच निघतं. उतरलेल्या कातीत डोक्याकडे दोन गोल चकत्या शोधा. एकच दिसली तर दुसरी डोळ्यावरच असण्याची शक्यता जास्त. चिमटा, सेलोटेप अजिबात नको! खालचं नवं खवलं फाटलं तर डोळाच जातो. भोकं पाडलेल्या डब्यात कोमट पाण्यात (३० अंशांच्या आत) भिजवून पिळलेला टॉवेल ठेवा, अर्धा तास सापाला त्यात सरपटू द्या. सापाच्या पेटीत आर्द्रता ६०-७० टक्के ठेवा. एसीने खोली आणखी सुकते, त्यापेक्षा आपला कूलर बरा. बहुतेकदा पुढची कात टाकताना अडकलेलं खवलं निघतं. डोळा फुगला तर मात्र वाट न बघता सापांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे.