वाईहून परत आलेले डबे

डिसेंबरातली सकाळ. साताऱ्यात आमच्या डेअरीच्या फाटकात टेम्पो उभा, त्यात तुपाचे 15 किलोचे 12 डबे. वाईच्या दुकानदारानं परत आणलेले. परत तेच डबे गळ्यात पडू नयेत म्हणून प्रत्येकाच्या बुडाला त्यानं तांबड्या रंगाची फुली मारली होती. "मॅडम, ह्याला रवाच न्हाई. गिऱ्हाईक म्हणतंय डालडा हाय."

डबा उघडला. तूप पांढरट, मलमासारखं गुळगुळीत. खोटं कशाला सांगू, मलाही शंका आली. आधी बाउडोइन टेस्ट लावली. वनस्पती तुपात, म्हणजे डालड्यात, ओळखीसाठी तिळाचं तेल घातलेलं असतं, त्यामुळे भेसळ असली तर आम्लाचा थर गुलाबी होतो. झाला नाही. 40 अंशांवर रिफ्रॅक्टोमीटर 42 दाखवत होता, म्हणजे शुद्ध तुपासारखंच. आरएम व्हॅल्यू, म्हणजे तुपातली वाफेबरोबर उडणारी आम्लं मोजणारा आकडा, तोही ठीक. मग त्याच बॅचची राखून ठेवलेली बाटली काढली. ती इनक्युबेटरच्या उबदार डोक्यावर विसरली गेली होती, आणि आतलं तूप चांगलं जाडसर रवाळ!

बंद पडलेल्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरच्या पोलरॉइड फिल्मचे दोन तुकडे मी जपून ठेवलेत. एक काचपट्टीखाली, दुसरा वर आडवा धरला, की सूक्ष्मदर्शकात पातळ तूप काळं दिसतं आणि फक्त स्फटिक चमकतात. बाटलीतल्या तुपात सुयांचे मोठाले झुबके दिसले, मधल्या बिंदूपासून चौफेर फुटलेले. डब्यातल्या तुपात नुसती चांदण्यांची भुकटी.

गोडाऊनला विचारलं. ऑर्डर घाईची म्हणून गरम भरलेले डबे रातोरात कोल्ड स्टोअरेजमध्ये ढकलले होते. तूप म्हणजे काही एकच पदार्थ नव्हे, त्यात वेगवेगळ्या तापमानाला गोठणारे स्निग्धांश असतात. एकदम गारठलं की जागोजागी लाखो बारीक स्फटिक धरतात, कुणालाच वाढायला वाव मिळत नाही, आणि त्यांच्या जाळ्यात पातळ तूप अडकून बसतं. हळू निवलं तर लवकर गोठणारे अंश मोजक्या ठिकाणी जमून रवा धरतात. आमची आजी कढवलेल्या तुपाचं पातेलं रात्रभर चुलीच्या वैलावर का ठेवायची, ते मला एमएस्सीनंतर कळलं.

सगळे डबे 65 अंशांपर्यंत तापवले. जुने स्फटिक पुरते विरघळायला हवेत, नाहीतर उरलेसुरले बियाण्यासारखे वागून पुन्हा बारीकच रवा आणतात. मग 28-29 अंशांच्या खोलीत दीड दिवस ठेवले. कुणी हलवू नये म्हणून कुलूप घालून किल्ली मीच घेऊन गेले.

दुकानदार तिसऱ्या दिवशी आला. बोटावर तूप घेऊन अंगठ्यानं चोळलं. "हां, हे तूप. पयले डबे कुठं घालवलं?"

मी डबा आडवा केला. बुडावरची फुली तो बराच वेळ बघत राहिला, मग दुसराही डबा आडवा करायला लावला.