टोमॅटोची छाटणी: काय काढलं, काय ठेवलं

टोमॅटोची बगलफूट (पानाच्या बगलेतून निघणारी नवी फांदी) काढा, असं सगळेच सांगतात. कुठल्या झाडाची, हे फारसं कोणी सांगत नाही. माझ्याकडे दोन्ही प्रकार होते. एक बुटका. त्याच्या फांद्यांच्या टोकाला फुलं आली की वाढ आपोआप थांबते. त्याची बगलफूट खुडली तर फळंच कमी होतात, म्हणून त्याला फक्त काठीचा आधार दिला. दुसरा वेलासारखा वाढतच राहणारा; खुडायचं ते याचं.

पान खोडाला जिथे मिळतं, त्या बेचक्यात ही फूट निघते. फुलांचा घोस थेट खोडावर येतो, बेचक्यात नाही. एवढं ओळखता आलं की चुकून घोस खुडला जात नाही. फूट बोटभर असतानाच चिमटीत धरून बाजूला वाकवायची, कट्कन निघते. कात्री लागतच नाही. बोटं हिरवी-पिवळी होतात आणि तो उग्र वास हात धुतला तरी रेंगाळतो (मला आवडतो). झाड ओलं असताना मात्र हात लावत नाही, जखमेतून रोग शिरतो. तंबाखू मळलेल्या हातांनी तर नकोच. तिच्यातला मोझॅक विषाणू टोमॅटोलाही लागतो.

एकच खोड ठेवलं तर फळं लवकर आणि मोठी येतात, पण पानं विरळ होऊन ऊन थेट फळांवर पडतं आणि त्यावर पांढरट चट्टे येतात. मी दोन खोडं ठेवली: मुख्य, आणि पहिल्या घोसाच्या लगेच खालची बगलफूट. ती सगळ्यांत जोमदार असते. दोन्ही खोडं सुतळीने सैल बांधली.

पहिल्या घोसाला फळं धरली, तशी त्याखालची पानं हळूहळू काढली. मातीचे शिंतोडे उडून करपा हा पानांचा रोग खालच्या पानांपासूनच वर चढतो. बुडाशी वाळका पाला पसरला, त्याचा दुहेरी फायदा झाला: शिंतोडे उडेनासे झाले आणि मातीत ओलावा टिकला. काही फळांच्या तळाला काळे, दबलेले डाग पडत होते. तो कॅल्शियमच्या कमतरतेचा परिणाम खरा, पण बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम असतं. पाणी कधी खूप, कधी अजिबात नाही, असं झालं की कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही. पाणी नियमित झाल्यावर पुढची फळं स्वच्छ आली.

हंगाम संपायच्या महिनाभर आधी शेंडा खुडला, शेवटच्या घोसाच्या वर दोन पानं राखून. आता फळावर गुलाबी छटा दिसली की तोडते आणि घरात पिकवते. तापमान ३० अंशांच्या वर गेलं की लाल रंग नीट चढत नाही, आणि वेलावर ठेवलेली फळं पाखरं आधी गाठतात.