पुढची तारीख

माझ्या टेबलावर एक रेघांची वही आहे. तिच्या उजव्या पानांवर मी भ्रष्टाचाराच्या एकाच खटल्याच्या तारखा लिहीत आले आहे. रकाने चार आहेत : तारीख, त्या दिवशी काय व्हायचे होते, काय झाले आणि पुढची तारीख. तिसऱ्या रकान्यात बहुतेक ओळींवर एकच शब्द आहे, तहकूब. कधी आरोपीच्या वकिलांची प्रकृती बरी नव्हती, कधी कागदपत्रांच्या प्रती मिळालेल्या नव्हत्या, कधी न्यायाधीशांची बदली झाली होती, तर कधी वरच्या न्यायालयाने स्थगिती दिली होती. आरोपी हा राजकीय नेता आहे, आणि तो पहिल्यांदा निवडून आला त्या निवडणुकीत माझेही मत त्यालाच पडले होते. त्याचे नाव इथे लिहीत नाही, कारण खटला चालू आहे आणि मला जे म्हणायचे आहे त्यासाठी त्या नावाची गरज नाही.

एकदा सुनावणीला मी स्वतः जाऊन बसले. पुकारा झाला, दोन्ही बाजूंचे वकील उठले, एकाने मुदत मागितली, दुसऱ्याने नाखुशीने मान हलवली, न्यायाधीशांनी रोजनाम्यात काही ओळी लिहिल्या आणि तारीख पडली. सगळे मिळून चार मिनिटे लागली असतील. तहकुबीचे मला फारसे वाईट वाटले नाही, ती अपेक्षितच होती. मनाला लागले ते वेगळेच. आरोपीबरोबर वीसेक माणसे आली होती, आणि ज्या जनतेच्या पैशासाठी हा खटला चालला आहे त्या जनतेतून बाकावर मी एकटीच बसले होते. घरी आल्यावर ताई म्हणाली, "निकाल लागला की कळेलच की सगळ्यांना. तोवर तू तिथे जाऊन बसण्याचा उपयोग काय?"

तिचा प्रश्न रास्त होता आणि तेव्हा मला उत्तर सुचले नाही. हा लेख म्हणजे तिला उशिरा दिलेले उत्तर समजावे. यात येणारी उदाहरणे मी मुद्दाम दूरच्या देशांतली घेतली आहेत. जवळचे नाव घेतले की वाचक मजकूर बाजूला ठेवून लिहिणाऱ्याचा पक्ष शोधू लागतो, आणि वाचताना मीही तेच करते.

१७ जून १९७२ च्या पहाटे वॉशिंग्टनमधल्या वॉटरगेट इमारतीत रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला एका दाराच्या कुलपावर चिकटपट्टी लावलेली दिसली. ती काढून तो पुढे गेला. नंतरच्या फेरीत तिथे पुन्हा पट्टी दिसली, तेव्हा त्याने पोलिसांना फोन केला आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात शिरलेले पाच जण पकडले गेले. इथपर्यंतची गोष्ट सर्वांना ठाऊक असते. त्या पाच जणांचे धागे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या प्रचारयंत्रणेपर्यंत पोचत होते. पण त्यानंतर पाच महिन्यांच्या आत झालेल्या निवडणुकीत निक्सन ५० पैकी ४९ राज्ये जिंकले, हे आपण विसरतो, कारण शेवट माहीत असल्यामुळे ही गोष्ट आपण उलटीकडून वाचतो. नोव्हेंबर १९७२ मध्ये एखाद्याने या प्रकरणाची वही ठेवली असती, तर त्या महिन्याच्या पानावर त्याला 'संपले' असेच लिहावेसे वाटले असते. निक्सन यांनी पद सोडले ते ९ ऑगस्ट १९७४ रोजी, आणि महिना उलटतो न उलटतो तोच ८ सप्टेंबरला त्यांचे उत्तराधिकारी फोर्ड यांनी त्यांना संपूर्ण माफी देऊन टाकली. या प्रकरणात निक्सन कधीही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले नाहीत. त्याच वर्षी निवडणूक खर्चाचा कायदा मात्र कडक झाला आणि त्या खर्चावर नजर ठेवणारा आयोग अस्तित्वात आला. निकाल म्हणजे एका माणसाला झालेली शिक्षा एवढेच धरून जो बसला असेल, त्याच्या पदरात काहीच पडले नाही.

म्हणून ताईच्या प्रश्नातले 'तोवर' मला खटकते. निकालापर्यंतचा काळ हा दोन घटनांमधला रिकामा वेळ असतो असे आपण धरून चालतो, आणि प्रत्यक्षात बरेचसे काही ठरते ते त्याच काळात. भ्रष्ट नेत्याची खरी भिस्त त्याच्या वकिलांवरही तेवढी नसते जेवढी आपल्या कंटाळ्यावर असते.

मलेशियाचे उदाहरण पाहावे. वन एमडीबी नावाचा सरकारी निधी तिथे २००९ मध्ये सुरू झाला. त्या निधीशी संबंधित सुमारे ७० कोटी डॉलर पंतप्रधान नजीब रझाक यांच्या खासगी खात्यांत आल्याची बातमी जुलै २०१५ मध्ये फुटली. त्याच महिन्यात देशाचे महाधिवक्ता बदलले गेले आणि प्रश्न विचारणाऱ्या उपपंतप्रधानांना घरी पाठवण्यात आले. जानेवारी २०१६ मध्ये नव्या महाधिवक्त्यांनी जाहीर केले की ती रक्कम सौदी राजघराण्याची देणगी होती आणि गुन्हा काहीच घडलेला नाही. कागदावर प्रकरण मिटले. सामान्य माणसाने यानंतर काय करायचे? तपास त्याच्या हातात नव्हता, महाधिवक्ता त्याच्या हातात नव्हता. पण 'बर्सिह' या नावाने एकत्र आलेले लोक त्याआधीपासून, २००७ पासून, अगदी रटाळ वाटणाऱ्या गोष्टींसाठी रस्त्यावर उतरत होते : मतदारयाद्या साफ करा, बोटाला न पुसणारी शाई लावा, टपाली मतदानाची पद्धत सुधारा. बातम्यांत या मागण्यांना कधी रंगत आली नाही.

९ मे २०१८ रोजी मतदान झाले, आणि तेही आठवड्याच्या मधोमध, बुधवारी. परदेशात राहणाऱ्या अनेक मलेशियन मतदारांच्या हाती टपाली मतपत्रिका इतक्या उशिरा पडल्या की नेहमीच्या टपालाने त्या वेळेत पोचणे शक्यच नव्हते. तेव्हा लोकांनी एक युक्ती केली. मायदेशी निघालेल्या अनोळखी प्रवाशांना विमानतळावर गाठून त्यांनी आपली बंद पाकिटे त्यांच्या हवाली केली, आणि उतरल्यावर दुसऱ्या अनोळखी माणसांनी ती पाकिटे घेऊन मतदारसंघांकडे धाव घेतली. १९५७ पासून सत्तेवर असलेली आघाडी त्या निवडणुकीत प्रथमच हरली. नजीब दोषी ठरले जुलै २०२० मध्ये, आणि शेवटचे अपील फेटाळले जाऊन तुरुंगात गेले ते २३ ऑगस्ट २०२२ रोजी. बातमी फुटल्यापासून सात वर्षे झाली होती. २०२४ मध्ये माफी मंडळाने त्यांची बारा वर्षांची शिक्षा निम्मी केली, हेही नोंदवलेच पाहिजे.

विमानतळावर परक्याचे पाकीट पिशवीत जपून ठेवणाऱ्या त्या प्रवाशाचा विचार माझ्या मनात अनेकदा येतो. त्याच्या हातात निकाल नव्हता. पाकीट होते.

आता मला ज्याविषयी सर्वांत जास्त लिहायचे आहे त्याकडे येते. एवढी वर्षे टिकून राहायचे कसे? संताप टिकत नाही, तो शरीरालाच झेपत नाही. एके काळी मी रोज रात्री वाहिन्यांवरच्या चर्चा ऐकत असे, मोबाइलवर दिवसभर त्याच विषयाच्या बातम्या उघडत असे आणि यालाच राजकीय जागरूकता म्हणत असे. दोन वर्षांनी हिशेब केला तेव्हा दिसले की माझ्याजवळ आवाज पुष्कळ साठले होते, पण पुढची तारीख कोणती हे मला सांगता येत नव्हते. वही मी त्यानंतर सुरू केली.

जी आंदोलने दीर्घकाळ टिकली त्यांच्याविषयी वाचताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. त्यांनी वेळ ठरवली, आणि ती थोडी ठेवली. पेरूमध्ये २००० साली राष्ट्राध्यक्ष फुजिमोरी यांच्या राजवटीविरुद्ध लोक दर शुक्रवारी दुपारी लिमाच्या मुख्य चौकात जमत आणि बादल्या-परातींत साबणाच्या पाण्याने राष्ट्रध्वज धूत. धुतलेले झेंडे दोरीवर वाळत घालायचे आणि घरी जायचे. सरकारला यावर करता येण्यासारखे फार थोडे होते, कारण झेंडा स्वच्छ करणाऱ्याला कोणत्या कलमाखाली पकडणार? त्याच वर्षी नोव्हेंबरात फुजिमोरी यांनी जपानमधून फॅक्सने राजीनामा पाठवला. त्यांना २५ वर्षांची शिक्षा सुनावली गेली ती मात्र एप्रिल २००९ मध्ये.

रुमानियाची हकिगत मला याहून बोलकी वाटते. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथल्या सरकारने एक अध्यादेश काढला. पदाच्या दुरुपयोगाने झालेले नुकसान दोन लाख लेईंपेक्षा (लेई हे तिथले चलन) कमी असेल तर तो फौजदारी गुन्हा धरला जाणार नाही, असा त्याचा अर्थ होता. सत्ताधारी पक्षाचे अध्यक्ष लिविउ द्राग्नेया यांच्यावर पदाच्या दुरुपयोगाचाच खटला चालू होता. अध्यादेशाची बातमी कळताच त्याच रात्री, कडाक्याच्या थंडीत, लोक घराबाहेर पडले, आणि ५ फेब्रुवारीला सरकारला तो मागे घ्यावा लागला. एवढ्यावर सगळे आटोपले असते तर ती एका आठवड्याची लाट ठरली असती. पण न्यायव्यवस्थेच्या कायद्यांत फेरफार करण्याचे प्रयत्न थांबले नाहीत, आणि डिसेंबर २०१७ मध्ये सिबिउ या शहरात काही लोकांनी एक नवीनच प्रघात पाडला. दररोज दुपारी बारा वाजता ते सत्ताधारी पक्षाच्या स्थानिक कार्यालयासमोर येऊन उभे राहत. घोषणा नाहीत, भाषणे नाहीत. फलकावर 'आम्ही तुम्हाला पाहतो आहोत' एवढेच. थोडा वेळ गप्प उभे राहून, खिडक्यांकडे बघून, प्रत्येक जण आपापल्या कामाला निघून जाई. जेवणाच्या सुटीत मावणारे आंदोलन होते ते. आतल्या माणसांना बाराच्या ठोक्याला पडद्याआडून बाहेर डोकावल्याशिवाय राहवत नसेल, असे मला आपले वाटते. द्राग्नेया यांची साडेतीन वर्षांची शिक्षा अंतिम झाली आणि ते तुरुंगात गेले २७ मे २०१९ रोजी, युरोपीय संसदेच्या मतदानाच्या दुसऱ्या दिवशी. न्यायाधीशांनी शिक्षा सुनावली हे खरेच, पण ज्या कायद्याखाली ती सुनावली तो कायदा त्या तारखेपर्यंत शिल्लक राहिला होता, यात बर्फात उभ्या राहिलेल्यांचा वाटा आहे.

माल्टात तर भांडण फुलांवरून झाले. सत्ताधाऱ्यांच्या भ्रष्टाचाराविषयी लिहिणाऱ्या पत्रकार डाफ्ने कारुआना गालिझिया यांची १६ ऑक्टोबर २०१७ रोजी गाडीत स्फोट घडवून हत्या झाली. त्यानंतर व्हॅलेटामध्ये न्यायालयासमोरच्या स्मारकाच्या पायथ्याशी लोक फुले, मेणबत्त्या आणि त्यांची छायाचित्रे ठेवू लागले. सरकारी कर्मचारी ते सगळे उचलून नेत आणि लोक पुन्हा फुले आणून ठेवत. हे वारंवार घडत राहिले, आणि जानेवारी २०२० मध्ये तिथल्या न्यायालयाने सांगितले की फुले हटवणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग होता. त्याच महिन्यात पंतप्रधान जोसेफ मस्कत पायउतार झाले.

माझ्या वहीला आता रविवारची अर्धा तास वेळ ठरलेली आहे. त्या अर्ध्या तासात मी भाषणे वाचत नाही. सरकारी वकील बदलले का, तपास अधिकाऱ्याची बदली झाली का, खटला चालवण्याची मंजुरी कुठे अडली आहे, एखाद्या कायद्यात चुपचाप दुरुस्ती आली आहे का, एवढेच पाहते. मलेशियात काय आणि रुमानियात काय, डाव टाकला गेला तो नेमक्या अशाच ठिकाणी.

एक कबुली द्यायला हवी. वहीच्या पहिल्या पानावर मी सुरुवातीला 'चोर' असे लिहिले होते. ब्राझीलमधले वाचल्यावर ते खोडून 'आरोपी' असे केले. तिथले माजी राष्ट्राध्यक्ष लुला यांना २०१७ मध्ये भ्रष्टाचाराच्या खटल्यात शिक्षा झाली, त्यामुळे ते २०१८ ची निवडणूक लढवू शकले नाहीत, आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या शिक्षा रद्द ठरवल्या, इतकेच नव्हे तर ज्या न्यायाधीशांनी पहिली शिक्षा दिली ते निःपक्षपाती नव्हते असेही म्हटले. लुला यांच्याविषयी कोणाचे काही मत असो, घाईने उरकलेला खटला कोणाच्याच उपयोगी पडत नाही, हे त्यातून कळते. तेव्हापासून प्रत्येक तहकुबीवर मी चिडत नाही. प्रती मिळाल्या नसतील तर त्या मागण्याचा आरोपीला हक्क आहे. चौथ्यांदा त्याच कारणासाठी मुदत मागितली गेली, तर ती गोष्ट वेगळी, आणि ती वेगळी आहे हे सांगण्यासाठी आधीच्या तीन तारखा कुठेतरी लिहिलेल्या असाव्या लागतात.

निकालानंतरही काही संपत नाही. पत्रकार यान कुचिआक यांच्या हत्येनंतर उसळलेल्या निदर्शनांमुळे स्लोव्हाकियाचे पंतप्रधान फित्सो यांनी २०१८ मध्ये राजीनामा दिला, आणि २०२३ मध्ये ते निवडून येऊन पुन्हा पंतप्रधान झाले. त्यावर अधिक काही लिहावेसे वाटत नाही.

गेल्या सुनावणीला एक तरुण वार्ताहर शेजारी येऊन बसला. माझ्या मांडीवरची वही बघून त्याने हळूच विचारले, "हे किती वेळा पुढे ढकललं गेलंय, सांगता येईल का तुम्हाला?" मी तिसऱ्या रकान्यावरून बोट फिरवत मोजले. सव्वीस वेळा, त्यांपैकी अकरा वेळा आरोपीच्या विनंतीवरून. दुसऱ्या दिवशी त्याच्या बातमीत ते दोन्ही आकडे आले. ताईने बातमी वाचून फोन केला आणि पुढची सुनावणी कधी आहे ते विचारले. महिनाअखेरीला आहे, साक्षीदार क्रमांक चारची उलटतपासणी व्हायची आहे.