पगारातून कर कापलाय, मग हे वरचे पैसे कसले?

जुलै उजाडला की रत्नागिरीतल्या माझ्या करसल्ल्याच्या ऑफिसात हा प्रश्न हमखास येतो. "मॅडम, दर महिन्याला टीडीएस कापतात ना? मग रिटर्न भरताना परत तीस-पस्तीस हजार कुठून निघाले?" समोर बसलेला माणूस घाबरलेला असतो. आपल्या हातून काही लबाडी झाली की काय, अशी धास्ती त्याच्या चेहऱ्यावर दिसते. तशी लबाडी बहुतेक वेळा झालेली नसते, हे मी सगळ्यात आधी सांगते.

टीडीएस म्हणजे पैसे हातात येण्याआधीच कापलेला कर. तुमचं ऑफिस तो कापतं ते त्याला माहीत असलेल्या उत्पन्नावर. तुमची मुदत ठेव त्याला दिसत नाही. बँक व्याजावर 10 टक्के कापते, मग तुम्ही 30 टक्क्यांच्या टप्प्यात असलात तरीही. वर्षाच्या मध्यात नोकरी बदललीत, तर दोन्ही कंपन्या आपापल्यापुरता हिशोब करतात, दोघीही 75,000 ची प्रमाणित वजावट (पगारातून सरसकट वजा होणारी, वर्षाला एकदाच मिळणारी रक्कम) देतात, आणि बेरीज मात्र तुमच्या पॅनवर होते. नव्या कंपनीला जुन्या पगाराचा तपशील रुजू होतानाच द्या, एवढं केलं तरी पुष्कळ वाचतं.

पण आपल्याकडे याहून मोठं कारण आहे ते आंबा.

शेतीचं उत्पन्न करमुक्त, हे सगळ्यांना पाठ असतं आणि ते खरंच आहे. मात्र ते 5,000 च्या वर गेलं आणि बाकीचं उत्पन्नही करपात्र मर्यादेच्या वर असलं, की कराचा दर ठरवताना ते मोजलं जातं. 2025-26 चा नव्या करप्रणालीतला हिशोब मांडते. वजावटीनंतर पगार 11,50,000. ऑफिस म्हणतं, 12 लाखांच्या आत आहे, कर शून्य. हापूसच्या कलमांतून फवारणी, राखण, मजुरी, पेट्या सगळं वजा जाता 4,00,000 राहिले. आता 15,50,000 वर कर काढायचा, तो येतो 1,12,500. त्यातून 4 लाखांची मूळ सूट अधिक शेतीचे 4 लाख, अशा 8 लाखांवरचा कर, म्हणजे 20,000, वजा करायचा. राहिले 92,500. 12 लाखांच्या आतल्यांना मिळणारी करसवलत, जिच्यामुळे ऑफिस शून्य म्हणालं, ती जास्तीत जास्त 60,000. उरले 32,500, त्यावर 4 टक्के उपकर धरून 33,800. यातला एक रुपयाही पगारातून कापलेला नसतो.

सातबाऱ्यावर चार भावांची नावं असतील तर आपल्या वाट्याचंच धरायचं, सगळी बाग एकट्याच्या डोक्यावर घ्यायची नाही. आणि असं उत्पन्न असेल तर आयटीआर-1 हा रिटर्नचा सोपा फॉर्म चालत नाही.

मला खरी कळकळ वाटते ती वेळेबद्दल. वाशीच्या दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, हातात येते एप्रिल-मेमध्ये, म्हणजे आर्थिक वर्षाच्या अगदी सुरुवातीला. कर समजतो पुढच्या वर्षीच्या जुलैत. मधल्या काळात ते पैसे चिऱ्याच्या गडग्यात, मुलीच्या फीत, बागेच्या खतात गेलेले असतात. म्हणून टीडीएस वजा जाऊन 10,000 किंवा जास्त कर निघणार असेल, तर आगाऊ कराचा, म्हणजे वर्ष चालू असतानाच हप्त्यांनी भरायच्या कराचा, पहिला 15 टक्क्यांचा हप्ता 15 जूनला भरून टाका. हंगाम नुकताच आटोपलेला असतो आणि पट्ट्या हाताशी असतात. पुढचे हप्ते सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या 15 तारखेला. ज्येष्ठ नागरिकांना धंद्याचं उत्पन्न नसेल तर हे आगाऊ हप्ते लागू नाहीत.

आणि यंदा बिल येऊन पडलंच असेल तर? आधी आयकर खात्याच्या पोर्टलवर 26एएस आणि एआयएस (तुमच्या पॅनवर नोंदलेला कर आणि उत्पन्न दाखवणारे उतारे) उघडून कापलेला सगळा कर जमेला धरलाय का ते बघा. थकलेल्या आगाऊ करावर महिन्याला 1 टक्का व्याज चढतं. तेव्हा पतपेढीत दागिने ठेवायला धावण्याआधी तिथला दर विचारा, दोन्ही आकडे शेजारी ठेवा. कर एकरकमी, एकाच चलनाने भरायला हवा असंही नाही. आज 10,000 भरलेत तर पुढचं व्याज उरलेल्या रकमेवरच लागतं. आयकर खात्याची कराच्या मागणीची नोटीस आली असेल तर भरायला 30 दिवस असतात, आणि त्या मुदतीत अधिकाऱ्याकडे हप्त्यांसाठी अर्ज करता येतो. तो अर्ज लिहायला घाबरू नका. येताना पट्ट्या आणि फवारणीची बिलं तेवढी बरोबर आणा.