पायावरची नागमोडी रेघ

चवथीआधी ओसरीची डागडुजी काढली होती. रेतीचा ढीग अंगणात, वर निळी ताडपत्री. पेडण्यातला पाऊस, त्यामुळे रेती आतून कायम दमट. आमच्या पिल्लाने, मोतीने, तिथेच आपला संडास ठरवला, आणि मी त्याच रेतीत अनवाणी घमेली भरत होते.

आठवडाभरात डाव्या तळव्याच्या कडेला लाल पुरळ आलं. फार्मसीवाल्याने नायटा म्हणून मलम दिलं. चार दिवस चोळलं. पुरळ गेलं नाहीच, उलट त्याची उंचवट्याची रेघ झाली आणि ती चालायला लागली! पेनाने टोकाशी खूण केली, तर दुसऱ्या दिवशी रेघ खुणेच्या बोटभर पुढे. रात्री खाज अशी की झोप नाही. सासूबाईंनी किराइत्याचा काढा पुढे केला. "नाहीतर पोराला शाळेत दिली ती जंताची गोळी तूही चघळ," म्हणाल्या. १० ऑगस्टला शाळेत मुलांना अल्बेंडाझोल देतात, ती.

डॉक्टरीणबाईंनी पाय बघितला आणि पहिला प्रश्न केला, "घरात कुत्रा आहे?" कुत्र्याच्या आतड्यातल्या अंकुशकृमीची अंडी विष्ठेतून रेतीत पडतात, दमट सावलीत त्यांतून अळ्या होतात आणि कातडीतून आत शिरतात. माणसाच्या शरीरात त्यांना पुढची वाट सापडत नाही, म्हणून कातडीखालीच भरकटतात. काही आठवड्यांनी आपोआप मरतातही, पण तोवर खाजवून जखम चिघळते. अल्बेंडाझोल चालतं, पण एका गोळीवर भागत नाही, काही दिवस घ्यावं लागतं. त्यांनी लिहून दिलं आयव्हरमेक्टिन. किलोला २०० मायक्रोग्रॅम. माझं वजन ६०, म्हणजे १२ मिलिग्रॅम, एकदाच, उपाशीपोटी.

नाव ऐकून मला हसूच आलं. मे २०२१ मध्ये आमच्या गोवा सरकारने १८ वर्षांवरच्या सगळ्यांना हेच द्यायचं जाहीर केलं होतं, १२ मिलिग्रॅम, पाच दिवस. कोविडसाठी चाचण्यांबाहेर हे देऊ नका, असं जागतिक आरोग्य संघटना तेव्हाही सांगत होती. त्या धांदलीत नवऱ्याने आणलेली दोन पाकिटं अजून खणात पडून आहेत, हे मी बाईंना सांगितलं. "मुदत कधीच संपली असेल, टाका," एवढंच म्हणाल्या. नवीन गोळी घेतली. तिसऱ्या दिवशी खाज थांबली, रेघ जागच्या जागी सुकली.

मोतीचं प्रकरण वेगळं. नवऱ्याचं मत, माझीच गोळी अर्धी करून त्याला द्यावी. जनावरांचे डॉक्टर चिडलेच. काही जातींच्या कुत्र्यांना, कोलीसारख्यांना, आयव्हरमेक्टिनचा जास्त डोस मेंदूवर जातो, आणि पट्टकृमीवर तर ते चालतच नाही. त्यांनी मोतीला तराजूवर उभं केलं आणि वजनाप्रमाणे पायरँटेल आणि प्राझिक्वांटेल असलेली गोळी दिली. पिल्लांना आईच्या दुधातूनच जंत येतात, म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला औषध द्यायचं असतं. आमचा तीन महिन्यांचा, एकही डोस न घेतलेला. रेती वेगळी करून फेकायला लावली, आणि पंधरा दिवसांनी दुसरा डोस.

पहिली गोळी बांगड्याच्या तुकड्यात घालून दिली, एका घासात गेली. दुसरीची तारीख नेमकी चवथीची. घरात मासळी नाही. पातोळीत दडवली, तर पठ्ठ्याने पातोळी खाल्ली आणि गोळी स्वच्छ चाटून ओसरीवर ठेवली. दीड दिवसाचा गणपती पोचवला आणि दुसऱ्या सकाळी नवऱ्याला आधी बांगडे आणायला पिटाळलं.