उसने पैसे, दिवाणी दावा आणि सात महिने फिरलेलं समन्स

दावा टाकला की समोरच्याला बोलवायचं काम कोर्टाचं, आपण नुसतं तारखेला जाऊन बसायचं, असं मी धरून चाललो होतो. तिथंच फसलो.

अशोक चौकाकडच्या एका ओळखीच्याला दीड लाख हातउसने दिले होते (चेकने, नशीब माझं), देतो देतो करत फिरवायला लागला म्हणून गड्डा (आमच्या सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा) संपल्यावर दावा टाकला. वकीलपत्र, कोर्ट फी, दाव्याला नंबर पडणं, सगळं आठवड्यात.

मग समन्स, म्हणजे समोरच्याला कोर्टात बोलावण्याचा कागद. पहिल्या तारखेला रिपोर्ट 'घर बंद'. दुसऱ्या तारखेला 'परगावी गेल्याचे शेजाऱ्यांनी सांगितले'. परगावी कसला, रोज संध्याकाळी टपरीवर माझ्यासमोर चहा मारतोय की ओ! तिसऱ्या तारखेला तर समन्स निघालंच नव्हतं, कारण भत्ता (समन्स पोचवायचा खर्च) भरलेला नाही. मला वाटलं एकदा भरला की झालं. तर तसं नसतं, समन्स परत आलं की नवीन काढायचा अर्ज आणि भत्ता परत वादीनेच, म्हणजे दावा टाकणाऱ्यानेच भरायचा, आणि ७ दिवसांत अर्ज नाही केला तर दावाच काढून टाकायची तरतूद आहे म्हणे. वकिलांचा कारकून म्हणत होता "भरलंय, भरलंय". त्याच्या भरवशावर राहू नका, पावती मागा.

आणि दर तारखेला तेच, अकरापासून बाकावर, पुकारा झाला की अर्ध्या मिनिटात पुढची तारीख. दुकान बंद ठेवून जायचो मी.

शेवटी वैतागून समन्स घेऊन जाणाऱ्या कोर्टाच्या बेलीफसाहेबांनाच गाठलं. ते म्हणाले, "अहो, पत्ता लिहिलाय 'कारखान्याच्या मागे'. तिथं चार कारखाने आहेत, कुठल्या मागे? आणि दुपारी माणूस घरी सापडतो का?" चूक माझीच. मग खुणेसकट पत्ता दिला, सकाळी साडेसातला स्वतः गल्ली दाखवायला गेलो. गडी दारातच, तोंडात ब्रश. सही करणार नाही म्हणाला, फेस सांडत. बेलीफनी शांतपणे समन्सची प्रत दाराला चिकटवली, दूधवाला आणि शेजारचे काका साक्षीला. घेतलं नाही तरी बजावणी होते, हे त्याला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं म्हणा. माणूस सापडतच नसेल तर कोर्टाची परवानगी काढून पेपरात नोटीस देता येते, पण तो खर्चही आपलाच.

पुढच्या तारखेला गडी वकील घेऊन हजर! कैफियतीला (दाव्याला लेखी उत्तर द्यायला) ३० दिवस असतात, कोर्ट ९० पर्यंत वाढवून देऊ शकतं, यानेही मुदत मागितलीच. पण एकदा समोर आल्यावर नरमला, लोकअदालतीत हप्त्यांवर मिटलं आणि कोर्ट फी परत मिळायचा आदेशही झाला.

ई-कोर्ट्सचं ॲप आधीच घ्या, सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा वेगळा नंबर) टाकला की तारखेला काय झालं ते दिसतं, मी चार महिन्यांनी घेतलं. आणि राहिलंच, उसने पैसे दिल्यापासून ३ वर्षांत दावा टाकावा लागतो. मी टाकला तेव्हा २ वर्षं १० महिने झाले होते.